नेव्हिलच्या खिशातला कागद

पुस्तकांना खाकी कव्हर घालणं हे माझ्या नोकरीतलं मनापासून आवडणारं काम आहे. लालबागजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी ग्रंथपाल आहे. शाळेच्या वार्षिक खरेदीत चरित्रं, कोश, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं येतात. जादूची, ड्रॅगनची, पंखवाल्या घोड्यांची पुस्तकं मी किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून आणते. तिथल्या बऱ्याच प्रती सिनेमा आला त्या सुमारास छापलेल्या असतात, म्हणजे मुखपृष्ठावर नटनट्यांचे फोटो. अशा प्रत्येक प्रतीला मी खाकी कागद चढवते आणि वर काळ्या मार्करने फक्त नाव लिहिते. गोष्टीतली लायरा कशी दिसते, पर्सीचे केस कसे आहेत, हे सातवीतल्या मुलीने आधी स्वतःच्या मनात ठरवावं आणि मग पडद्यावरचं बघावं, अशी माझी इच्छा असते.

बहुतेक वेळा सिनेमाच आधी बघून झालेला असतो, तोही टीव्हीवर हिंदीत डब केलेला, किंवा मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी. मग कोणीतरी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ घरी नेतं आणि परत करायला आलं की टेबलापाशी घुटमळतं. “बाई, सिनेमात पीव्हज नाहीच आहे!” पीव्हज म्हणजे हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या जिन्यांवर धुडगूस घालणारं ते उपद्व्यापी भूत. रिक मेयल या नटाला ती भूमिका दिली होती, त्याचं शूटिंगसुद्धा झालं होतं, पण पडद्यावर त्यातलं काहीच आलं नाही. हे सांगितलं की मुलं भयंकर चिडतात. मला ती चीड फार मोलाची वाटते. सिनेमा बघून पुस्तकाकडे आलेलं पोर आता पुस्तकाच्या बाजूने भांडायला उभं राहिलेलं असतं.

पीव्हज गेला याचं मला स्वतःला फारसं वाईट वाटत नाही. दोन-अडीच तासांत सगळं बसणार नाही, हे उघड आहे. हॅरी पॉटरच्या पाचव्या भागाची इंग्रजी प्रत ७६६ पानांची आहे आणि २००७ साली आलेला त्यावरचा सिनेमा १३८ मिनिटांचा. कात्री लागणारच. प्रश्न एवढाच की ती कुठे लागते. इतकी वर्षं मुलांबरोबर ही पुस्तकं वाचून आणि त्यांवरचे सिनेमे बघून माझं मत पक्कं झालंय: किशोरांच्या फँटसीत जादू ही वरवरची गोष्ट असते. खरी गोष्ट असते ती बारा-तेरा वर्षांच्या मुलाने मोजलेल्या किमतीची. सिनेमावाले जादू जिवापाड जपतात, तिच्यावर कोट्यवधी डॉलर ओततात, आणि किंमत तेवढी वजा करतात.

त्याच पाचव्या भागात तेविसावं प्रकरण आहे. नाताळचे दिवस, जादूगारांचं हॉस्पिटल. हॅरीच्या मित्राच्या, रॉनच्या, वडिलांना साप चावलाय म्हणून ही सगळी पोरं तिथे आलेली असतात आणि फिरत फिरत चुकून एका बंद वॉर्डात जाऊन पोचतात. तिथे टोकाच्या पडद्यामागून नेव्हिल त्याच्या आजीबरोबर बाहेर येतो. नेव्हिल म्हणजे वर्गातला विसरभोळा, घाबरट, गोलमटोल मुलगा. चार पुस्तकं आपण त्याला हसत आलेलो असतो. त्या पडद्यामागे त्याचे आईवडील आहेत. तो तान्हा असताना त्यांचा इतका छळ झाला की दोघांचं भान कायमचं गेलं. पोटच्या मुलालाही ते ओळखत नाहीत. आई नाइट गाऊनमध्ये, पांढऱ्या झालेल्या केसांनी, हळूहळू चालत येते आणि नेव्हिलच्या हातात काहीतरी ठेवते. च्युइंगगमचा रिकामा कागद. नेव्हिल म्हणतो, “थँक्स, मम.” आजी म्हणते, कचऱ्याच्या पेटीत टाक तो, एव्हाना तुझ्या खोलीच्या भिंती मढतील एवढे कागद तिने तुला दिले असतील. आणि निघताना हॅरीला दिसतं, नेव्हिलने तो कागद गुपचूप खिशात घातलाय.

हे पान मी वाचनाच्या तासाला मोठ्याने वाचते तेव्हा वर्गात कोणी हलत नाही. आमच्याकडे आजीजवळ वाढणारी मुलं पुष्कळ आहेत. आई आजारी आहे, बाबा गावी आहेत, घरातलं एखादं माणूस भानावर नाही, अशी मुलंही आहेत. एकदा आठवीतली एक मुलगी तास संपल्यावर म्हणाली, “बाई, तो कागद टाकणार नाही हे मला आजी बोलायच्या आधीच माहीत होतं.” यापलीकडे ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

सिनेमात हा वॉर्ड नाही. तिथे नेव्हिल एका जुन्या फोटोसमोर उभा राहून हॅरीला आपल्या आईवडिलांबद्दल सांगतो. त्यांनी छळ सोसला पण तोंड उघडलं नाही, त्यांचा मुलगा असल्याचा मला अभिमान आहे, असं तो म्हणतो. प्रसंग चांगला आहे आणि मॅथ्यू लुईसने तो सुंदर केलाय. पण त्यात आई नाही, कागद नाही, आजीचं ते थकलेलं वाक्य नाही. नेव्हिलचं दुःख अभिमानाच्या भाषेत सांगितलं गेलं, आणि ते रोज कसं जगावं लागतं हे दिसायचं राहून गेलं. हॉस्पिटलच्या एका प्रसंगाला किती मिनिटं लागली असती? तीन? चार?

दुसरं उदाहरण फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’चं. पुस्तक १९९५चं. त्यावरचा ‘द गोल्डन कम्पस’ २००७ साली आला. (पुढे शेवट सांगणार आहे. पुस्तक वाचायचं मनात असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.) या पुस्तकातल्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात बरोबर चालतो. त्याला डीमन म्हणतात. मुलांचा डीमन क्षणाक्षणाला रूप बदलतो, आता पाकोळी, मग मांजर, मग मुंगूस. वयात आल्यावर तो एकाच रूपात स्थिरावतो. वयात येण्याबद्दल इतकी सुरेख कल्पना मी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही. नववीतल्या मुलांना विचारा, तुझा डीमन आज काय आहे? खरीखुरी उत्तरं मिळतात.

त्या जगात काही मोठी माणसं मुलांना पळवून नेतात आणि प्रयोगासाठी त्यांचा डीमन त्यांच्यापासून तोडतात. गोष्टीच्या नायिकेला, लायराला, बर्फातल्या एका झोपडीत टोनी मकॅरिओस नावाचा असा एक मुलगा सापडतो. त्याचा डीमन गेलाय. त्या जागी त्याने एक सुकवलेला मासा छातीशी घट्ट धरलाय, लायरा आपल्या डीमनला, पॅन्टलायमनला, धरते तसा. सकाळपर्यंत तो मरतो. बरोबरच्या माणसांनी तो मासा कुत्र्यांना घातला हे कळल्यावर लायरा पेटून उठते. मग ती एक सोन्याचं नाणं घेते, त्यावर चाकूने टोनीच्या डीमनचं नाव कोरते आणि ते त्याच्या दातांमध्ये ठेवते. तिच्या कॉलेजच्या तळघरात विद्वानांच्या कवट्यांबरोबर त्यांच्या डीमनचं चित्र असलेली नाणी असतात, ते तिने पाहिलेलं असतं. एका गरीब, अक्षरशत्रू पोराला ती तो मान देते. ती स्वतः अकरा-बारा वर्षांची आहे.

सिनेमात त्या जागी बिली कोस्टा नावाचा मुलगा आहे आणि तो जिवंत आपल्या आईपर्यंत पोचतो. नाण्याची वेळच येत नाही. शेवटाचं तर विचारूच नका. पुस्तकात लायरा आपल्या जिवलग मित्राला, रॉजरला, सोडवायला एवढ्या लांब येते आणि तिच्यामुळेच तो तिच्या वडिलांच्या हाती लागतो, मारला जातो. हा शेवट चित्रित झाला होता. त्यातली काही दृश्यं ट्रेलरमध्येही होती. ऐन वेळी तो काढला, पुढच्या भागात घेऊ म्हणाले, आणि लायरा-रॉजर फुग्यावर उडणाऱ्या हवाई जहाजात बसून आशेने पुढे निघालेत अशा ठिकाणी सिनेमा संपवला. पुढचा भाग आलाच नाही. सुमारे १८ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने अमेरिकेत जेमतेम ७ कोटी मिळवले. पुस्तकातली चर्चसारख्या सत्तेवरची टीकाही बोथट करून टाकली होती. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मात्र त्याला मिळालं, आणि ते योग्यच होतं. चिलखत घातलेली पांढरी अस्वलं खरोखर अप्रतिम आहेत. पुढे २०१९ ते २०२२ या काळात याच पुस्तकांवर तीन सीझनची मालिका आली. तिने पहिल्याच सीझनचा शेवट पुस्तकासारखा केला, रॉजरला वाचवलं नाही. जाडजूड पुस्तकाला मालिका मानवते, हे खरं आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बघणारी मुलं हे सोसू शकतात, यावर त्या लोकांनी विश्वास ठेवला.

आता वयाबद्दल. माझा खरा राग इथे आहे.

रिक रिओर्डन यांच्या ‘द लाइटनिंग थीफ’मधला पर्सी जॅक्सन बारा वर्षांचा आहे. ही गोष्ट मुळात त्यांनी आपल्या मुलाला रात्री झोपताना सांगितलेली. त्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी होता, म्हणून पर्सीलाही आहे. आणि पुस्तकात त्याचं कारण असं की हा देवाचा मुलगा आहे, त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला आहे, म्हणून इंग्रजी अक्षरं पानावर तरंगतात. युद्धात जिवंत राहायची चपळाई अंगात आहे, म्हणून वर्गात एका जागी बसवत नाही. पहिल्या बाकावर बसवूनही फळ्यावरचं उतरवता न येणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा. मी सांगितली आहे. त्या मुलाने नंतर मला ग्रीक देवांची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवली, झ्यूसच्या पोरांसकट.

२०१०च्या सिनेमात पर्सी सोळा-सतरा वर्षांचा दांडगा तरुण झाला. तिकीट काढणारा प्रेक्षक त्या वयाचा असतो, असा हिशेब असावा. पण पाच पुस्तकांचा सगळा डोलारा एका भविष्यवाणीवर उभा आहे: त्या मुलाला सोळावं लागेल तेव्हा देवांचं भवितव्य ठरेल. बारा ते सोळा ही चार वर्षं म्हणजेच ती पाच पुस्तकं. नायक सुरुवातीलाच सोळाचा केला की घड्याळच संपलं. रिओर्डन यांनी सिनेमा बनत असतानाच निर्मात्यांना याबद्दल बजावलं होतं. आपली ती जुनी पत्रं त्यांनी २०१८मध्ये लोकांपुढे ठेवली. सिनेमाची मालिका दुसऱ्या भागावरच थांबली, आणि २०२३च्या डिसेंबरात जी नवी मालिका सुरू झाली तिच्यात ते स्वतः सामील आहेत, आणि तिथला पर्सी पुन्हा बारा वर्षांचा आहे.

ओइन कोल्फर यांच्या आर्टेमिस फाउलचं तर वयापेक्षा चारित्र्यच बदललं. पुस्तकातला बारा वर्षांचा आर्टेमिस हा गुन्हेगार आहे. तो एका परीला, होली शॉर्टला, पळवून तिच्यासाठी सोन्याची खंडणी मागतो. वडील बेपत्ता, आई आजाराने अंथरुणाला खिळलेली, एवढ्या मोठ्या वाड्यात एकटा पोर. शेवटी आई बरी व्हावी म्हणून तो मिळालेल्या सोन्यातलं निम्मं परत करतो. त्या निम्म्या सोन्यात त्याचं सगळं बालपण आहे. २०२०च्या सिनेमात आई आधीच वारलेली आणि आर्टेमिस वडिलांना सोडवायला निघालेला गुणी मुलगा. मुलांना गुणीच नायक आवडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस मधल्या सुट्टीत आमच्या ग्रंथालयात येऊन बसावं.

आपल्याकडेही हे झालंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फँटसी नव्हे, पण ज्या वयासाठी ही सगळी पुस्तकं आहेत त्याच वयाचा तो. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी पोरगा. २०१७च्या सिनेमात तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण आहे. अमेय वाघने काम झकास केलंय, स्वतः भागवतच एक पात्र म्हणून गोष्टीत येतात ही कल्पना मला अतिशय आवडली, आणि मी तो सिनेमा आनंदाने पाहिला. तरी वाटत राहिलं की ‘टॉक्’ करून सायकलवर उडी मारणारा मुलगा माझ्या सहावीतल्या पोरांच्या उंचीचा असायला हवा होता. मोठ्या माणसाने धाडस केलं तर ते त्याचं कामच असतं. अकरा वर्षांच्या पोराला कोणी विचारलेलं नसतं, घरी कळलं तर मारही बसणार असतो, आणि तरी तो जातो.

म्हणजे पुस्तकाला हात लावूच नये, असं मी म्हणत नाही. माझा सगळ्यात लाडका हॅरी पॉटर सिनेमा तिसरा, २००४चा, अल्फोन्सो क्वारोन यांचा, आणि त्यात पुस्तकातलं कितीतरी गाळलंय. तो जादूचा नकाशा कोणी बनवला हेसुद्धा सांगितलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय हॅरीच्या पॅट्रोनसचं, म्हणजे त्याचं रक्षण करणाऱ्या जादूच्या प्राण्याचं, रूप हरणाचंच का, याचा उलगडा होत नाही. तो राग माझ्याही मनात आहे. पण क्वारोन यांनी पोरांना गणवेशातून बाहेर काढलं, चुरगळलेल्या शर्टांत, सैल स्वेटरांत वावरू दिलं. तिघा नटांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला. अभ्यासू हर्मायनी झालेल्या एमा वॉटसनने भलामोठा लिहिला, हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफने पानभर, आणि रॉन झालेल्या रुपर्ट ग्रिंटने दिलाच नाही. म्हणजे तिघांनीही आपलं पात्र बरोबर ओळखलं होतं.

आणि तळ्याकाठचा तो प्रसंग. हॅरीला खात्री असते की पलीकडच्या काठावरून आपल्याला वाचवणारे आपले वडीलच होते. काळात मागे जाऊन तो त्याच जागी उभा राहतो, झाडाआडून बघत, आत्ता येतील, आत्ता येतील म्हणत. हर्मायनी म्हणते, कोणी येत नाहीये. आणि त्याला कळतं की वडील येणार नाहीत, तो माणूस आपणच होतो. तेरा वर्षांच्या मुलाला हे कळण्यात केवढा आनंद आहे आणि केवढं पोरकेपण! सिनेमाने दोन्ही ठेवलं. नकाशा मी त्यासाठी माफ करते.

जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमांचे दिग्दर्शक हयाओ मियाझाकी यांनी तर २००४ सालीच याहून मोठी मोडतोड केली. डायना विन जोन्स यांचं ‘हाउल्स मूव्हिंग कासल’ १९८६चं. त्यातला हाउल मुळात आपल्याच जगातला, वेल्समधला. सिनेमात वेल्स नाही, उलट एक भलंमोठं युद्ध आहे. इराक युद्धाने मियाझाकी फार अस्वस्थ झाले होते, त्यातून ते आलं. कथानक जवळजवळ दुसरंच. पण सोफी तीच आहे. शापाने एका रात्रीत म्हातारी झालेली मुलगी. पुस्तकात ती तीन बहिणींत थोरली, आणि गोष्टींतल्या थोरल्या बहिणीचं कधी भलं होत नाही हे तिने आधीच मान्य करून टाकलेलं. दुकानात एकटी बसून ती टोप्यांशी बोलते. एका साध्याशा टोपीला सांगते, तुझं मन सोन्याचं आहे, कोणीतरी बडा माणूस तुझ्यावर भाळेल. ती टोपी घेणारी साधीशी मुलगी थोड्याच दिवसांत एका काउंटबरोबर पळून जाते. आपल्या बोलण्यात जादू आहे हे सोफीला माहीतच नसतं. दुसऱ्यांना सगळं देते आणि स्वतःला मात्र तू म्हातारी, तू कुरूप, एवढंच सांगते.

हे सिनेमात कसं दाखवायचं? मियाझाकी टोप्यांचा भाग सोडून देतात आणि सोफीचं वय हलतं ठेवतात. ती झोपली की चेहरा तरुण होतो. हाउलची बाजू घेऊन ठामपणे बोलायला लागली की पाठ सरळ होते, सुरकुत्या जातात. कोणी सुंदर म्हटलं की ती नाकारते आणि त्याच क्षणी पुन्हा म्हातारी. कोणी काही समजावून सांगत नाही. पुस्तकातली वाक्यं फारशी न उचलता पुस्तकाचा जीव उचललाय. घरात थोरली म्हणून वाढलेल्या कुठल्याही मुलीला हे बघताना जे होतं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

आता हॅरी पॉटरवर नवी मालिका येतेय, नव्या मुलांना घेऊन. एक पुस्तक, एक सीझन असं म्हणतायत. पीव्हज असेल तर आमची मुलं नाचतील. माझं मागणं हॉस्पिटलच्या वॉर्डाचं आहे. तो ठेवला तर बाकी हवं ते कापा.

सध्या वाचनाच्या तासाला सहावीबरोबर ‘हाउल’ सुरू आहे. इंग्रजी प्रत हातात धरून मी तिथल्या तिथे मराठीत सांगते, त्यामुळे वेग कमी आहे. कॅल्सिफर या अग्निराक्षसाला मी मालवणी हेल देऊन बसले आहे आणि आता तो बदलायला वर्ग तयार नाही. एका मुलाला सोफीपेक्षा तिची धाकटी बहीण आवडते, आणि त्यावरून पुढच्या बाकावरच्या मुलींशी त्याचं कडाक्याचं भांडण चालू आहे. पुस्तक संपलं की मुख्याध्यापक सरांकडून प्रोजेक्टर मागून घेऊन सिनेमा दाखवायचा आहे. कोणी मध्येच घरी बघितला तर चालेल का, असं एकीने विचारलं. मी नाही म्हणाले. आधी सोफी कशी दिसते ते वहीत काढून आणा, सगळ्यांनी, मग बघू.